बेरीज न मारलेली वही

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. कोणतीही वस्तू समोर आली की तिची आजची किंमत किती, घसारा किती आणि तारण म्हणून ती चालेल का, असा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. लग्नातल्या दागिन्यांकडेही मी त्याच नजरेनं पाहतो, असं आमच्या घरातलं मत आहे. (ते खरं आहे, पण इथे तो विषय नाही.)

२०२३ च्या मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो. ती राहते ॲबिंग्डनला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सच्या काठावर वसलेलं हे टुमदार गाव. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो, तर शेजारच्या अंगणात एक बुटकी, हिरवी, बिनटपाची दोन माणसांची मोटार तोंड वासून उभी. तिच्या इंजिनावर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ ओणवे झाले होते. हातात बागेला पाणी घालायच्या नळीचा वीतभर तुकडा. त्याचं एक टोक इंजिनात, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. डॉक्टर छाती तपासतो तसं चाललं होतं. मग एक स्क्रू केसभर फिरवायचा, नळी दुसऱ्या जागी लावायची, पुन्हा डोळे मिटायचे. असा पाऊण तास!

"बाबा, ते त्यांचं रविवारचं चर्च आहे," मुलगी म्हणाली.

ती मोटार म्हणजे १९७२ सालची एमजीबी. तिला दोन कार्बुरेटर असतात. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन गोड चालतं, नाहीतर कुरकुरतं. ती हवा किती ओढली जाते हे मोजायला यंत्रं मिळतात. पण जुने लोक नळी कानाला लावून नुसत्या फुसफुशीवरून ओळखतात. तंबोरा लावावा तसं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी माझा हिशेब एवढाच होता : पन्नास वर्षांची गाडी, पुस्तकी किंमत शून्य, कर्जाचा अर्ज नामंजूर.

या गृहस्थांचं नाव मी देणार नाही. द्यायची गरजही नाही. कारण त्यांच्या टोळक्यात कुणी कुणाला नावानं ओळखतच नाही. हा 'हिरवी', तो 'ट्रायम्फ', तो 'मॉर्गन', आणि एक बाई आहेत त्या 'रबर'. मलाही आठवड्याभरात नाव मिळालं, 'मॅनेजर'. मी निवृत्तीपर्यंत मॅनेजर झालोच नव्हतो हे सांगून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

ॲबिंग्डन आणि एम.जी. हे नातं जुनं. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्डचं हे काम १९२९ मध्ये ॲबिंग्डनला आलं आणि पुढची पन्नास वर्षं ते गावाचं कुंकू होऊन बसलं. साध्या माणसाला परवडेल अशी छोटी, चपळ, उघडी मोटार करायची हा तिथला वसा. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत ती पाच लाखांच्या वर खपली; त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. गंमत अशी की, एवढ्या मोटारी करणाऱ्या कारखान्यात सरकता पट्टा नव्हता. एका कामगाराचं काम झालं की गाडी हातानं ढकलत पुढच्या कामगाराकडे न्यायची. 'ट्रायम्फ'चा यावरचा ठरलेला शेरा असा की, एम.जी. ढकलावी लागते यात नवल काय, जन्मापासून तिला तीच सवय आहे.

महिन्यातून एका संध्याकाळी ही मंडळी गावातल्या पबमध्ये जमतात. एम.जी.वाल्यांच्या क्लबात अशा बैठकीला 'नॉगिन अँड नॅटर' म्हणतात. घोटभर प्यायची आणि पोटभर बोलायचं. गाडी चालवत घरी जायचं असल्यामुळे घोट खरोखरच घोटभर असतो. अर्ध्या ग्लासावर दोन तास निघतात. हिरवीवाले मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी धास्तावलो. आल्या आल्या 'ट्रायम्फ'नं गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "तेल गळत नाही. म्हणजे संपलेलं दिसतंय." हिरवीवाले शांतपणे म्हणाले, "तुझ्या गाडीला गंज आहे म्हणून ती उभी तरी आहे. गंज काढलास तर काय उरेल?" मला वाटलं, आता जुंपणार. पण दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि आत गेले.

हळूहळू वाद्यमेळ कळू लागला. 'मॉर्गन'च्या गाडीच्या शरीराचा सांगाडा आजही ॲश नावाच्या लाकडाचा असतो. म्हणून त्याला वाळवीच्या औषधाची चौकशी करायची. 'रबर'बाईंची एमजीबी १९७६ ची. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस या गाडीचे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे बोजड बंपर आले आणि गाडीची उंचीही इंच-दीड इंच वाढली. सोवळ्यातल्या एम.जी.वाल्यांना ही गाडी पंक्तीला चालत नाही. बाई म्हणतात, "तुम्ही नाक घासत जाता, मी मान वर करून जाते." आणि लुकास! या साऱ्या गाड्यांची विजेची उपकरणं बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची. दिवे ऐन वेळी जातात म्हणून या लोकांनी लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी फार पूर्वीच बहाल केली आहे. इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रिज लुकासचे असतात. हा विनोद मी त्या उन्हाळ्यात अकरा वेळा ऐकला. अकराव्या वेळीही सगळे तितकेच हसले. मीही हसलो, हे कबूल करतो.

एम.जी. आणि ट्रायम्फ यांचं भांडण मात्र नुसतं थट्टेचं नाही. मुळातले हे प्रतिस्पर्धी १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या एकाच कुटुंबात आले आणि मग जी सुरू झाली ती आपल्याकडच्यासारखी भाऊबंदकी. नवी गाडी ट्रायम्फला मिळाली, एम.जी.च्या वाट्याला काही आलं नाही, आणि १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. पुढे ट्रायम्फ मोटारही गेली. दोन्ही घरं बसली, तरी वाटणीचा वाद चालूच आहे. हिरवीवाल्यांचे वडील त्या कारखान्यात होते. तो विषय निघाला की 'ट्रायम्फ' गप्प बसतो किंवा सगळ्यांसाठी बटाट्याचे वेफर्स आणायला उठतो. थट्टा कुठे थांबवायची हे ज्याला कळतं, त्यालाच ती करायचा अधिकार आहे, असं मला तिथे वाटलं.

मी त्यांना सांगितलं की, आमच्याकडे पुण्याच्या रस्त्यावर २०१९ पासून नव्या एम.जी. दिसू लागल्या, कंपनी आता चिनी लोकांची आहे, गाड्या गुजरातेत हालोलला होतात, आणि ते अष्टकोनी चिन्ह तेच आहे. सगळे कान देऊन ऐकत होते.

"तेल गळतं?" 'मॉर्गन'नं विचारलं.

"नाही."

"मग ती आमची नव्हे."

एकदा तिथे नवखा तरुण जपानी माझदा घेऊन आला. १९८९ मध्ये जपान्यांनी अशाच ब्रिटिश गाड्या डोळ्यांपुढे ठेवून ती केली; दिसायला तशीच, पण किल्ली फिरवली की सुरू होते. सगळ्यांनी कौतुक केलं. मग त्याच्याशी बोलायला कुणाजवळ काही उरेना. मला माझी स्कूटर आठवली. ऐंशीच्या दशकात आमच्या शाखेबाहेर संध्याकाळी साडेपाचला बजाज स्कूटर डावीकडे आडव्या करण्याचा सामुदायिक कार्यक्रम असे. एकाची सुरू झाली नाही की चौघं थांबत. प्लग काढून रुमालानं पुसणारा एक, किक मारणारा दुसरा, आणि नुसते शेरे मारणारे दोघं. कात्रजच्या घाटात अनोळखी माणूसही थांबून "पाना आहे का?" विचारी. पुढे गाड्या सुधारल्या आणि साडेपाचला प्रत्येकजण हात हलवून निघून जाऊ लागला. ज्यांच्याबरोबर प्लग पुसले त्यातल्या दोघांचे पत्ते आज माझ्याकडे नाहीत. गाड्या सुधारल्या हे वाईट झालं असं म्हणायला मी काही इतका खुळा नाही. पण माझदावाल्या पोराकडे पाहून जरा वाईट वाटलं खरं.

हिरवीवाल्यांकडे एक वही आहे. गाडी घेतली त्या दिवसापासून प्रत्येक खर्च तारीखवार मांडलेला. अक्षर सुरेख, पावत्या चिकटवलेल्या. मी पानं उलटत गेलो आणि माझ्यातला ऑडिटर जागा झाला : छत्तीस वर्षांत एकाही पानाखाली बेरीज नव्हती! मी सहज खिशातलं पेन काढलं. त्यांनी वही मिटली. "मॅनेजर, तुझी मुलगी इथे शेजारी राहते," ते म्हणाले, "शेजार बिघडवू नकोस."

२०२४ च्या जूनमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा मुलीनं विमानतळावरच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजत चालला होता. हा म्हातारपणाचा विकार. कडेचं दिसत राहतं आणि समोरचंच पुसट होतं. तिथे वीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असा नियम आहे, नाही आली तर परवाना परत करायचा. त्यांनी स्वतःहून तपासून घ्यायचं ठरवलं. सरकारकडे जाण्याआधी आपल्या लोकांत.

रविवारी सकाळी पबच्या मोकळ्या पटांगणात सगळे जमले. 'ट्रायम्फ'नं लांब टांगा टाकत अंतर मोजलं आणि स्वतःच्या गाडीजवळ उभा राहिला. हिरवीवाले ताठ उभे. पहिली दोन अक्षरं बरोबर आली. ती पाठच असणार. ती गाडी ते वीस वर्षं पाहत आले होते. मग 'रबर'बाईंनी, काही न बोलता, आपली मोटार मागे घेतली आणि एका परक्या पाहुण्याच्या गाडीकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. पहिलं अक्षर चुकलं. दुसरंही.

कुणीच बोलेना. कादंबरीत असा प्रसंग आला की मी पात्रांच्या तोंडी काहीतरी समजुतीचं घालतो. आजवर घालत आलो. इथे काय बोलावं मला सुचलं नाही. शेवटी 'ट्रायम्फ' सावकाश चालत आला.

"बरं झालं," तो म्हणाला, "आता तुला माझा गंज दिसणार नाही."

माझ्या पोटात गोळा आला. पण सगळ्यांत आधी हसले ते हिरवीवालेच. "दिसायची गरज नाही," ते म्हणाले, "मला तो ऐकू येतो."

त्या आठवड्यात परवाना गेला. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी ते कागदावर पाहिलं. विम्याचं पत्र वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं होतं. हिरव्या गाडीच्या पॉलिसीवर चालक म्हणून तीन नवी नावं चढली होती. त्यातलं एक नाव कुणाचं ते मला बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, ते 'ट्रायम्फ'चं खरं नाव. दर रविवारी पाळीपाळीनं एकजण ती गाडी चालवतो आणि हे शेजारी बसून शिव्या घालतात. गिअर टाकताना जरा करकरलं की, "ती गाडी आहे, सुपारी नव्हे!" आणि सगळ्या टोळक्याचे कार्बुरेटर आजही तेच लावतात. नळी कानाला, डोळे मिटलेले. त्या कामाला डोळे पूर्वीही लागत नव्हते.

परतण्याच्या आदल्या रविवारी 'ट्रायम्फ'च्या गुडघ्यानं संप केला, म्हणून हिरवी 'रबर'बाई चालवत होत्या आणि तिच्या मागून मी, हिरवीवाल्यांसह, 'मॉर्गन'नं त्या दिवसापुरत्या आणलेल्या बायकोच्या साध्या मोटारीत. गावाबाहेरच्या चौकात हिरवी थांबली. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि अधूनमधून त्याला झोप लागते. तो गाडीच्या पोटाखाली उजव्या मागच्या चाकाजवळ असतो. उपाय एकच, ठोकायचं. हातोडा घरी राहिला होता. मागे मोटारींची रांग लागलेली.

"मॅनेजर, पायात काय आहे?" हिरवीवाल्यांनी विचारलं.

पायात कोल्हापुरी होती. मी रस्त्यावर आडवा झालो, हात आत घातला आणि सांगितल्या जागी तीन टाळे दिले. पंप टिकटिक करू लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो रागानं नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी वही आणली आणि पेन माझ्या हातात दिलं. "आजची नोंद तू कर."

"इंग्रजीत?"

"तुझ्या भाषेत लिही. नाहीतरी मला दोन्ही सारख्याच."

मी तारीख घातली. खाली लिहिलं : 'कोल्हापुरी चप्पल, नग एक. खर्च शून्य.' आणि वही तशीच मिटून परत दिली.