विश्लेषण : उंदीर चालू लागला, मग रुग्ण का नाही?

मज्जारज्जूला इजा झालेला उंदीर उपचारानंतर पुन्हा चालू लागला, अशी बातमी अधूनमधून येते. अपघातात कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या रुग्णाच्या घरात ती बातमी आशेने वाचली जाते, नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. मात्र उंदराचे चालणे आणि माणसाचे चालणे यांत मोठे अंतर आहे. ते का, हे समजून घ्यायला हवे.

प्राण्यांवर प्रयोग कशासाठी?

मज्जारज्जूची हानी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा आघाताचा. त्यानंतर काही तास ते काही आठवडे सूज, रक्तपुरवठ्यातील अडथळा आणि दाह यांमुळे वाचलेल्या पेशीही मरत जातात. उपचाराला वाव असतो तो या दुसऱ्या टप्प्यात. प्रत्येक रुग्णाची इजा वेगळी असल्याने औषधांची तुलना कठीण जाते. म्हणून एकसारखी इजा घडवण्याची पद्धत लागते. आल्फ्रेड अॅलन यांनी १९११ मध्ये भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून ती पद्धत रूढ केली. न्यूयॉर्क विद्यापीठात पुढे तयार झालेल्या उपकरणातही तेच तत्त्व आहे. त्यात १० ग्रॅमची दांडी १२.५, २५ किंवा ५० मिलिमीटरवरून सोडली जाते.

इजा कशी केली, याने काय फरक पडतो?

काही प्रयोगांत मज्जारज्जू कापतात. तोडलेला चेतातंतू पुन्हा वाढला का, हे त्यात स्पष्ट दिसते. पण माणसाचा मज्जारज्जू सहसा कापला जात नाही. तो मोडलेल्या वा सरकलेल्या मणक्याखाली चेचला जातो आणि कडेचे काही तंतू अनेकदा शाबूत राहतात. शिवाय उंदरांतील बहुतेक प्रयोग छातीच्या भागातील इजेवर होतात, तर माणसांत मानेतील इजांचे प्रमाण मोठे आहे.

सगळे उंदीर सारखेच का?

मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगशाळेत ‘रॅट’ आणि ‘माऊस’ हे वेगळे प्राणी आहेत. चेचल्यानंतर रॅटच्या मज्जारज्जूत माणसाप्रमाणेच पोकळी तयार होते. माऊसमध्ये ती जागा ऊतीने भरून येते. मात्र माऊसची जनुके बदलणे सोपे असल्याने तोही लागतो. मेंदूकडून हालचालीचे आदेश नेणारा मुख्य मार्ग रॅटमध्ये मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागातून जातो, माणसात आणि माकडात प्रामुख्याने कडेने. बोटांची नाजूक हालचाल याच मार्गावर अवलंबून असते. झेब्राफिश तर तुटलेला मज्जारज्जू काही आठवड्यांत स्वतःच जोडते. तिचा अभ्यास होतो तो सस्तन प्राण्यांना हे का जमत नाही, हे शोधण्यासाठी.

‘चालू लागला’ म्हणजे नेमके काय?

रॅटच्या मागच्या पायांची हालचाल १९९५ पासून ० ते २१ गुणांच्या ‘बीबीबी’ मापनश्रेणीवर मोजली जाते. मात्र पावले टाकण्याची लय निर्माण करणारी यंत्रणा मज्जारज्जूतच असते. मज्जारज्जू पूर्ण तोडलेले मांजरही सरावाने ट्रेडमिलवर मागचे पाय टाकू लागते. म्हणजे मेंदूशी संपर्क जुळला नसतानाही पाय हलू शकतात. रुग्णांची गरजही वेगळी असते. अमेरिकेतील २००४ च्या एका सर्वेक्षणात चारही हातपाय लुळे पडलेल्यांनी सर्वाधिक महत्त्व चालण्याला नव्हे, तर हातांच्या हालचालीला दिले होते.

माणसांत आजवर काय झाले?

मांजरांवरील प्रयोगांच्या आधारे मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस १९९० च्या चाचणीनंतर सर्रास दिला जाऊ लागला. पुढे लाभ अल्प आणि संसर्गासारखे धोके अधिक दिसले. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी २०१३ मध्ये त्याविरुद्ध शिफारस केली. झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी ‘नोगो’ प्रथिन रोखल्यास रॅटचे चेतातंतू वाढतात, हे दाखवले. माकडांतही परिणाम चांगले आले. माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्य उद्दिष्ट साधले नव्हते. अपूर्ण इजा असलेल्या रुग्णांत मात्र सुधारणेचे संकेत मिळाले.

विद्युत उद्दीपनाचा अनुभव अधिक आशादायक आहे. लोझानमधील ग्रेगोआर कुर्तीन यांचे संशोधन रॅट आणि माकडांवरून माणसांपर्यंत पोहोचले. २०१८ मध्ये अनेक वर्षांपूर्वी इजा झालेले तीन रुग्ण आधार घेऊन पावले टाकू लागले. तिघांच्याही मज्जारज्जूत काही तंतू शिल्लक होते.

मग बातमी वाचताना काय पाहावे?

प्राणी कोणता होता? मज्जारज्जू कापला होता की चेचला? उपचार इजेनंतर किती वेळाने दिला? रॅटला काही मिनिटांत मिळालेले औषध दहा वर्षांपूर्वी जखमी झालेल्या रुग्णाला उपयोगी पडेलच असे नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच निष्कर्ष मिळाला का, हेही महत्त्वाचे. अमेरिकी सरकारच्या निधीतून गाजलेले काही प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा अनेकांचे निष्कर्ष जुळले नाहीत.

हे प्रश्न भारतात खर्चाशीही जोडलेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. त्यामुळे मज्जारज्जूसाठी मूलपेशींचे इंजेक्शन देऊन कोणी लाखो रुपये मागत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आधी विचारावा.