दोन पत्रें, दोन चित्रें

नाटकांतील प्रेमभाव चित्रांत कसा उतरतो, हा प्रश्न आमच्यापुढें स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें आला. किनवटच्या आमच्या एका विद्यार्थ्यानें शाकुंतलांतील प्रवेशासाठीं चित्र काढलें व शकुंतलेच्या दोन्ही गालांवर टपोरे अश्रु रंगविले. 'अश्रूंवांचून विरह कळणार कसा?' असें तो म्हणाला. आमचें तोंडी उत्तर अपुरें पडलें, म्हणून हा लेख.

तिसऱ्या अंकांत शकुंतला कमळाच्या पानावर नखांनीं पत्र लिहिते. हा प्रसंग राजा रविवर्मा यांनीं १८७६ सालीं रंगविला. शकुंतला भूमीवर पहुडली आहे, सख्या जवळ आहेत. तींत अश्रु नाहींत. हरवलेली दृष्टि व अंगाचें शैथिल्य हींच बोलतात. मोनियर विल्यम्स यांच्या इंग्रजी शाकुंतलाच्या १८८७ च्या आवृत्तीच्या आरंभीं हेंच चित्र छापलें गेलें. पुढें १८९४ मध्यें मुंबईस निघालेल्या व नंतर मळवलीस गेलेल्या छापखान्यामुळें रविवर्म्यांचीं पौराणिक चित्रें घराघरांतील भिंतींवर आलीं.

असेंच एक पत्र चिनी नाटकांत आहे. वांग शिफूच्या 'पश्चिम महालाची कथा' या सुमारें सातशें वर्षांपूर्वींच्या नाटकांत दासी होंगन्यांग ही प्रियकराचें पत्र इंगइंगच्या शृंगारपेटीजवळ ठेवते. इंगइंग तें चोरून वाचते, आणि मग दासीवरच लटकी रागावते! मनांत एक व मुखावर दुसरें; तें दाखवावें कसें? लांकडी ठशांत छाया नसते, केवळ रेषा असतात. चेहऱ्यास दोनचारच रेषा मिळतात. म्हणून चिनी चित्रकारानें भाव भोंवतालच्या वस्तूंकडे सोंपविला. चेन होंगशौच्या १६३९ च्या चित्रांत इंगइंग फुलापांखरांच्या चित्रित घडीपडद्यापुढें पत्र वाचते. मुद्रा जवळजवळ शांत. मात्र पडद्याआडून दासी तोंडाशीं बोट नेऊन डोकावते. तें बोट दिसतांच पत्रांत काय असेल तें आपण ओळखतों! पुढच्याच वर्षीं मिन छिचीनें हा प्रसंग रंगीत ठशांत केला, तेव्हां तेथें आरसाही आणला. तीं चित्रें आज जर्मनींत कोलोन येथें आहेत.

आम्हांस या प्रसंगापुरती चिनी रीतच अधिक रुचते; शकुंतलेस लपवावयाचें असें फारसें नव्हतें, इंगइंगला होतें.

आमच्या विद्यार्थ्यानें अश्रु पुसले, शकुंतलेचें मुख वळविलें व हातांत पान दिलें. तें पान प्रथम भाकरीसारखें दिसलें. मग हिरवा रंग वाढविला.