सही जुळत नाही

बँकेत बत्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहायची, फरक दिसला की 'सही जुळत नाही' असा शेरा मारायचा. अर्धांगवायूतून उठल्यावर तोच शेरा माझ्या वाट्याला आला. काउंटरवरचा मुलगा संकोचून म्हणाला, "काका, अंगठा चालेल." त्या दिवशी घरी येऊन मी कोणाशीच बोललो नाही.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव काढलं. मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. मला हसू आलं. निवृत्त माणसाला आता कसला व्यवसाय? शिवाय फिजिओथेरपी चालूच होती.

चौकशी करताना कळलं, या विद्येची भारतातली पहिली शाळा आपल्या परळलाच, के. ई. एम. रुग्णालयात, १९५० साली निघाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन. आज के. ई. एम.बरोबरच नायर, शीव आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. खाजगी तज्ज्ञ गाठायचा तर राज्य परिषदेची नोंदणी पाहावी आणि आपल्यासारखे रुग्ण हाताळले आहेत का, हे सरळ विचारावं. कोणी लहान मुलांबरोबर काम करतं, कोणी हाताच्या दुखापतींवर.

आमच्याकडे आलेल्या मुलीने पहिला प्रश्न केला, "काका, सकाळपासून काय काय करता?"

बटणं बायको लावते. पोळीचे तुकडे तीच करते. दाढी मुलगा करतो.

"हाच तुमचा व्यवसाय," ती म्हणाली. "फिजिओथेरपीने हातात ताकद येईल. त्या हाताने रोजची कामं कशी करायची, ते आपण बघू."

तिने सारं घर पाहिलं. न्हाणीघरात धरायला दांडी आणि बसायला उंच स्टूल आलं. चमच्याला आणि पेनला स्पंज गुंडाळून जाड मूठ केली. सदरा घालताना अधू हात आधी, काढताना तो शेवटी, हेही तिनेच शिकवलं. कणीक मळणं, वाटाणे वेचणं हा गृहपाठ! जाताना हिला बजावलं, "मावशी, कितीही वेळ लागू दे, बटण तुम्ही लावायचं नाही."

पहिल्या दिवशी पाच बटणांना अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या बटणाला ही उठून स्वयंपाकघरात गेली. उपचार माझ्यावर होते, पथ्य मात्र तिला होतं.

जुनी सही परत आली नाही. सहा महिन्यांनी मी बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना दिला. सदऱ्याची बटणं माझी मीच लावली होती. एक काज चुकलं होतं. रिक्षात हिने ते पाहिलं. पण हात लावला नाही.