वरळी कोळीवाडा

वरळी कोळीवाडा ही मुंबईतील वरळी भागाच्या उत्तर टोकास, माहीमच्या उपसागराकडे गेलेल्या भूशिरावर वसलेली कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी वरळी हे एक बेट होते. गोल्फादेवी हे कोळीवाड्याचे ग्रामदैवत असून भूशिराच्या टोकाला इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधलेला लहानसा किल्ला आहे.

इतिहास

वरळी व मुंबई या बेटांमधील खाडीतून भरतीचे पाणी आतील सखल भागात शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महालक्ष्मीजवळ बांध घालून ही खाडी अडवण्यात आली. ‘हॉर्नबी वेलार्ड’ नावाच्या या बांधामुळे वरळीचे बेटपण संपले. पुढे गिरण्या आल्या, १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या आणि अलीकडे उत्तुंग इमारती. गाव जागचे हलले नाही. शहरच त्याच्यापर्यंत येऊन पोहोचले.

मासेमारी आणि सागरी मार्ग

येथील बरेचसे कोळी लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करतात. कोळंबी, शेवंड, खेकडे ही त्यांची मिळकत; ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून कालवेही काढली जातात. मोठ्या ट्रॉलरप्रमाणे खोल समुद्रात जाणे या होड्यांना परवडत नाही. त्यामुळे शहराच्या नकाशावर कोरा दिसणारा किनाऱ्याचा खडकाळ पट्टा कोळ्यांच्या लेखी कधीच रिकामा नव्हता.

३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि कोळीवाड्यासमोरून वाहने धावू लागली. त्यानंतर मुंबई महानगरपालिकेने सागरी किनारा मार्गाचे काम हाती घेतले. हा मार्ग सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांची ये-जा याच खांबांमधून व्हायची होती. कागदावर ६० मीटर पुष्कळ वाटतात. परंतु वारा व लाटांच्या माऱ्यात होडी सरळ रेषेत चालत नाही, ती आडवी वाहत जाते, आणि त्याच वेळी समोरून दुसरी होडी आली तर खांबावर आदळण्याचा धोका असतो, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी किमान १६० मीटर अंतराची मागणी केली आणि २०२१ मध्ये समुद्रात होड्या उभ्या करून काम रोखून धरले. अखेर एक खांब वगळून हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला.

जमिनीचा प्रश्न

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. या तरतुदीसाठी वस्तीचे सीमांकन आवश्यक ठरत असे. त्यात घरांखालच्या जमिनीबरोबर होड्या लावण्याची, जाळी विणण्याची व मासळी वाळवण्याची जागाही धरली जावी, ही कोळी समाजाची मागणी आहे.