बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे
(लेखांक ४)

१८८७ साली अमेरिकेत पंडिता रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या मुख्य गरजा कोणत्या, हे सांगताना त्यांनी पहिले स्थान दिले ते स्वावलंबनाला. शिक्षण दुसरे आणि देशी शिक्षिका तिसऱ्या. वीस वर्षांनी, १९०७ मध्ये, त्यांनी आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिली. देवापुढे माणसाची स्वतःची पुण्याई कामाला येत नाही, हे तिचे मुख्य सूत्र. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने मनापासून म्हटल्या.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला मुद्दा मागच्या लेखात पाहिला होता. तारण हे देवाचे दान आहे, कर्माची मजुरी नव्हे; सत्कर्मे त्या दानानंतर येतात. हे वाचायला सोपे आहे. स्वतःच्या कष्टांवर भिस्त ठेवून वाढलेल्या माणसाला ते पचणे अवघड जाते, आणि रमाबाईंचे घर तर कष्टाळू भाविकांचे होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी फिरत, पुराणे सांगत. व्रते, उपास, दानधर्म अखंड चालू असे. लहानग्या रमेला आईने संस्कृत शिकवले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हातातले सगळे संपले, तेव्हा या मंडळींनी देवाचा धावा करत पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली.

१८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मात देवाची दारे स्त्री-पुरुषांना सारखीच उघडी आहेत तो आपल्याला मिळाला, याचे त्यांना समाधान होते. पण साक्षीत त्या स्पष्ट लिहितात की, ख्रिस्ती धर्म हाती आला तरी ख्रिस्त भेटलेला नाही, हे कळायला आणखी आठ वर्षे जावी लागली. प्रार्थना, वाचन, सेवा यांत त्यांनी कसूर केली नव्हती. चुकत होते ते एवढेच की, या सगळ्याच्या जोरावर आपण देवाला पसंत पडू, असा मनातला हिशोब अजून मोडला नव्हता. कृपेची शिकवण सर्वांत जास्त झोंबते ती अशा प्रामाणिक, झटणाऱ्या माणसालाच.

या काळात एक इंग्रज पाद्री विल्यम हॅसलम यांचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी हॅसलम स्वतःच्याच चर्चमध्ये उपदेश करायला उभे राहिले. ख्रिस्ताला न ओळखणाऱ्या परूशांविषयी बोलता बोलता त्यांना उमगले की, आपणही त्यांच्यातच मोडतो. त्यांच्या बोलण्याचा नूरच पालटला आणि समोर बसलेला एक स्थानिक उपदेशक ओरडला की पाद्रीबाबांचाच पालट झाला! वर्षानुवर्षे धर्मकार्य करणाऱ्या माणसाला श्रद्धा अशी व्यासपीठावर गवसली, हे वाचून रमाबाई स्वतःकडे वळल्या. देवापुढे मांडावे असे आपल्यापाशी काही नाही, हे मान्य केल्यावर त्यांना शांती लाभली.

कृपेच्या अशा शिकवणीने माणूस हातपाय गाळून बसतो, हा आक्षेप जुनाच. पुण्याजवळच्या केडगावात रमाबाईंनी उभे केलेले काम त्याचे उत्तर देते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे कठीण होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेच्या पाठीशी अमेरिकेतल्या मंडळाची दहा वर्षांची हमी होती. या मुलींसाठी तशी कोणाचीच हमी नव्हती. तरी विहिरी खोदल्या गेल्या, इमारती उठल्या, मुली विणकाम, शेतीकाम, छपाई शिकल्या. खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्या छापखान्यात तयार झाल्या, आणि हिब्रू-ग्रीकवरून केलेला रमाबाईंचा मराठी बायबल-अनुवाद तिथेच छापला गेला. १८८७च्या पुस्तकातले स्वावलंबन त्यांनी सोडले नव्हते. मुलीने कोणाच्या दारात हात पसरू नये म्हणून त्या तिला हुन्नर शिकवत, आणि देवापुढे मात्र रित्या हातांनीच उभे राहायला सांगत.

माणसांची हमी नसताना एवढा पसारा उभा करण्याचे धैर्य त्यांना काही चरित्रांतून मिळाले. त्यांतले एक ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे. कोणापुढेही पैशाची मागणी न करता त्यांनी हजारो अनाथ मुले कशी सांभाळली, ते पुढच्या लेखांकात पाहू.