कारखाना बदलताना माणसांचे काय?

‘व्यवस्थापन’ हा शब्द आपल्या कानांवर येतो तो बहुधा मोठ्या शहरांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या संदर्भात. त्यात ‘मानव संसाधन’ या जोडशब्दाची भर पडली आहे. कोळसा, वीज, कापूस यांच्या पंक्तीला माणूस नेऊन बसवावा, हे कित्येकांना खटकते आणि ते खटकणे रास्तही आहे. पण शब्दाचा वाद बाजूला ठेवून त्यामागचा प्रश्न पाहिला, तर तो खामगाव-मलकापूरच्या माणसाला मुळीच परका नाही. प्रश्न असा की, धंद्याची रीत बदलते, यंत्र बदलते, तेव्हा त्या धंद्यात राबणाऱ्या माणसांचे काय करावयाचे? त्यांना सांगावयाचे केव्हा, विचारावयाचे काय आणि द्यावयाचे काय?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न समजावून घ्यावयाचा तर जिनिंगसारखे दुसरे उदाहरण नाही. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी होती की, तिच्यासाठी १८७० साली जलंबपासून रेल्वेचा खास फाटा काढण्यात आला. त्या पेठेच्या आधाराने जिन आणि प्रेस उभे राहिले. जिनचे काम सांगावयास सोपे आहे. कापसातून सरकी वेगळी करावयाची आणि रुई वेगळी. वजनाने पाहिले तर साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. पूर्वी हे काम घरोघर हातचरकीवर होई. पुढे वाफेवर चालणारी यंत्रे आली आणि चरकी माळ्यावर गेली. हा पहिला बदल. घरातले काम कारखान्यात गेले, सवडीचे काम भोंग्याच्या ताब्यात गेले.

कारखान्यात ते कसे चाले? हंगाम थोड्या महिन्यांचा. कापसाच्या गाड्या दाराशी उभ्या, आणि मालकाला घाई. कापसाची गंजी आवारात लागे. तेथून टोपल्या भरून डोक्यावरून यंत्रापर्यंत न्यावयाच्या आणि हाताने यंत्रात कापूस घालावयाचा, ही कामे पुष्कळ ठिकाणी बायकांकडे असत. हंगामी कारखान्यांतील कामाच्या अतोनात लांब तासांकडे १९०८ च्या कारखाना-मजूर आयोगाने बोट दाखवले, आणि १९११ च्या कायद्याने असे हंगामी कारखानेही कायद्याच्या कक्षेत आले. तोवर कापसाचे वजन करावयास काटा होता. माणसाच्या श्रमाचे माप मात्र कोणी घेत नव्हते.

दुसरा मोठा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जुन्या जिनांच्या आधुनिकीकरणासाठी अर्थसाहाय्य दिले. कापूस हवेच्या झोताने नळांतून यंत्रापर्यंत जाऊ लागला, यंत्रात आपोआप पडू लागला, रुई आपोआप प्रेसकडे जाऊ लागली. यात लाभ खराच आहे. रुईत कचरा कमी जातो, माल स्वच्छ राहतो, बाजारात भाव चांगला मिळतो. डोक्यावरचे ओझे उतरते. पण ओझ्याबरोबर टोपलीही गेली आणि टोपलीबरोबर टोपलीची मजुरीही गेली. नळ बसवण्याचा खर्च हिशेबाच्या वहीत लिहिला जातो. टोपली गेलेल्या बाईने पुढे काय केले, हे लिहावयास त्या वहीत रकानाच नसतो.

याचा अर्थ यंत्र आणू नये असा नव्हे. हातचरकी परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. म्हणावयाचे ते एवढेच की, बदल हा दोन कलमी व्यवहार आहे. एक कलम यंत्राचे, दुसरे माणसांचे. पहिले लिहून दुसरे कोरे ठेवले तर व्यवहार पुरा होत नाही, आणि त्याचा भुर्दंड पुढे मालकालाही बसतो. यंत्राची रुळे झिजली आहेत, पट्टीचे अंतर बिघडले आहे, हे आवाजावरून ओळखणारा जुना फिटर जर रागाने किंवा हताशपणे निघून गेला, तर त्याच्या डोक्यातली विद्या कोणत्याही नळातून परत येत नाही.

हे दुसरे कलम कसे लिहावे, याचा धडा आपल्या विदर्भातच, नागपुरात घालून दिला गेला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीची व्यवस्था बेझनजी मेहता यांच्याकडे होती. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले, गिरणीचा अनुभव नसलेले गृहस्थ. पहिल्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. मजूर रोज कामावर येत नसत. पाचांतला एखादा गैरहजर, असा हिशेब असे. असल्या वेळी सोपा मार्ग म्हणजे दंड करणे, हजेरी कापणे, माणसे काढून टाकणे. टाटांनी उलट विचार केला. मजूर येत नाही तो आळशी म्हणून, असे धरून न चालता, रोज यावे असे त्याला येथे काय आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली, गिरणीची हवा सुसह्य करण्याची यंत्रे बसवली, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला, आणि १८९५ साली कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची व्यवस्था केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ साली. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी एका गिरणीने ते काम केले. त्याच गिरणीने रिंग पद्धतीची नवी चाती इतर अनेक गिरण्या साशंक असताना उचलली. नवे यंत्र आणि मजुराची काळजी एकाच छपराखाली नांदू शकतात, याचा हा पुरावा. पुढे काळ फिरला, ती गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. चांगल्या वागणुकीने धंदा अमर होतो असे नव्हे. पण जोवर धंदा चालतो तोवर तो कोणाच्या बळावर चालतो, हे एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. मालकाच्या मनात कितीही असले तरी पुष्कळ ठिकाणी त्याची आणि मजुराची ओळखच नसते. मध्ये मुकादम असतो. माणसे तो आणतो, पैसे त्याच्या हातून जातात, आज कोणाला काम आणि उद्या कोणाला नाही, हेही तोच ठरवतो. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरची हीच सत्ता होती, आणि ती आवरण्यासाठी गिरणीमालकांच्या संघाला १९३५ साली बदली कामगारांची नोंद करून त्यांना पाळीने काम देण्याची योजना आणावी लागली. कामावर कोण आहे, किती वर्षे आहे, त्याला काय येते, याची स्वतःची वही असणे ही मनुष्यबळाच्या व्यवस्थेची पहिली पायरी होय. जेथे नावच ठाऊक नाही तेथे हित कोणाचे पाहणार?

दुसरी पायरी सांगण्याची. बदल करावयाचा असेल तर तो आधी सांगावा, हा केवळ सौजन्याचा भाग नाही. तो कायद्याचा भाग आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली असे कलम घातले गेले की, नोकरीच्या ठराविक अटींत बदल करावयाचा असेल तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी. ज्या नव्या यंत्रामुळे वा तंत्रामुळे माणसे कमी होण्याचा संभव आहे, तेही त्यात येते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाची नोटीस राहिली आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तर आणखी पुढे जाऊन सांगितले की, सुधारणा करताना असलेल्या माणसाची नोकरी वा मिळकत जाऊ नये, कामाचा बोजा उभयपक्षी ठरवलेल्या जाणकारांकडून मोजून घ्यावा आणि लाभाची वाटणी न्यायाने व्हावी. तत्त्वे तिन्ही साधी आहेत. पाळणे कठीण, कारण ती पाळावयास धीर लागतो.

येथे कोणी शेगावचे उदाहरण देईल, आणि ते द्यावेच. १९०८ साली स्थापन झालेल्या श्री गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता, शिस्त आणि अदब पाहून बाहेरगावची माणसे थक्क होतात. अनेक गावांतून सेवेकरी येतात, पाळीपाळीने सेवा करतात आणि घरी जातात. मोबदला घेत नाहीत. ही घडी बसवण्यात शिवशंकरभाऊ पाटलांचा वाटा किती मोठा होता, हे ते ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने बोलून दाखवले. पण हे उदाहरण घेताना एक भेद विसरू नये. सेवेकरी घरची भाकरी खाऊन येतो; मजूर भाकरीसाठी येतो. सेवेकऱ्याचा भाव मजुराकडे मागणे आणि मजुरी मात्र हात आखडून देणे, हा व्यवस्थापनाचा धडा नव्हे, ती लबाडी आहे. शेगावकडून घ्यावयाचे ते वेगळे: प्रत्येकाला आपले काम नेमके ठाऊक असणे, कोणतेही काम हलके न मानणे, आणि पाळी संपली की माणसाला मोकळे करणे. एवढे घेतले तर जिनमध्ये, दुकानात, पतसंस्थेत, कोठेही ते उपयोगी पडेल.

तेव्हा आपल्यापैकी जो कोणी दहा माणसांना काम देत असेल, त्याने नवे यंत्र किंवा नवी पद्धत आणण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे काम आज कोण करतो, त्याचे नाव मला ठाऊक आहे काय? त्याला हे माझ्या तोंडून कळले, की बाजारातून? नवे काम शिकवावयाचे ठरले तर पहिली संधी त्याला आहे काय? आणि जो लाभ होणार, त्यातला काही भाग त्याच्या घरी जाणार काय? आणि जो काम करतो त्यानेही हे प्रश्न विचारावयास संकोचू नये. ते त्याच्या हक्काचे आहेत. या चारांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्या कारखान्यातले यंत्र बदलले तरी माणसे तुटणार नाहीत. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने यंत्राची ऑर्डर देण्याआधी एक दिवस थांबून आपल्या आवारात जावे आणि तेथल्या माणसांशी बोलावे. त्या दिवसाची मजुरी वाया जाणार नाही.