एक वार, दोन वार, तीन वार! होस्टेलच्या फुटबॉल ऑक्शन लीगचे नियम

कारंज्याच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा हर्रास ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला लिलाव म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. व्यापारी ढिगाभोवती जमतात, मूठभर दाणे हातात घेऊन पाहतात, बोली चढत जाते आणि शेवटी ढीग एकाच्या नावावर लागतो. फँटसी फुटबॉलची ऑक्शन लीग म्हणजे हेच. फक्त ढिगाच्या जागी इंग्लिश प्रीमियर लीगचे खेळाडू असतात आणि पैसे खोटे असतात. भांडणं मात्र अगदी खरी होतात! त्यातली बहुतेक एकाच कारणाने होतात: नियम आधी लिहून ठेवलेले नसतात. म्हणून हा लेख.

नेटवरची नेहमीची फँटसी प्रीमियर लीग आपल्यापैकी अनेक जण खेळतात. तिथे प्रत्येकाला 100 मिलियन पौंड मिळतात, पण एकच स्टार खेळाडू लाखो जणांच्या टीममध्ये असू शकतो. ऑक्शन लीगमध्ये एक खेळाडू एकाचाच. ही कल्पना अमेरिकेतली. 1980 मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी अशी लीग काढली. प्रत्येकाला ठरावीक डॉलर आणि त्यातच सगळे खेळाडू घ्यायचे. आता आपल्या होस्टेलपुरते नियम पाहू.

1) माणसं किती?

जास्तीत जास्त दहा. याचं गणित सोपं आहे. प्रीमियर लीगमध्ये 20 क्लब आहेत, म्हणजे नियमित खेळणारे गोलकीपर सुमारे 20. प्रत्येकाने दोन गोलकीपर घ्यायचे ठरले तर दहा जणांत ते संपले. बारा जण घेतले की 24 लागतील आणि कोणाच्या तरी वाट्याला कायम बेंचवर बसणारा येईल. जास्त मुलं असतील तर दोन वेगळ्या लीग करा, कोणाला नाही म्हणू नका.

टीम पंधरा जणांची: 2 गोलकीपर, 5 डिफेंडर, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. कोण कुठल्या जागेवरचा, हे सीझनच्या सुरुवातीला अधिकृत साइटवर दिलं असेल ते फायनल. "अरे, तो तर विंगर आहे" हा वाद तिथेच मिटतो.

2) पर्स

प्रत्येकाला 100 पॉइंट, आधारभाव 1 पॉइंट. सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की पंधरा जागा भरता आल्याच पाहिजेत. त्यासाठी एक सूत्र:

कमाल बोली = शिल्लक − (रिकाम्या जागा − 1)

समजा तुमच्याकडे 40 पॉइंट आहेत आणि सहा जागा रिकाम्या आहेत. तर तुम्ही एका खेळाडूवर जास्तीत जास्त 35 लावू शकता, कारण उरलेल्या पाच जागांसाठी 5 लागणारच. हे सूत्र फळ्यावर लिहून ठेवा. नाहीतर कोणीतरी जोशात सगळे पैसे उडवतो आणि त्याच्याकडे नऊच खेळाडू राहतात.

20 फेब्रुवारी 2008 ला आयपीएलच्या पहिल्या लिलावात चेन्नईने धोनीवर 15 लाख डॉलर लावले. पर्स 50 लाखांची होती, म्हणजे 30 टक्के एकाच माणसावर. चेन्नईला ते परवडलं, पण पंधरा जणांच्या टीममध्ये असा डाव फार तर एकदाच खेळता येतो.

3) बोली

नाव पुकारायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मग क्रमाने फिरवा. जो नाव पुकारेल त्याची 1 पॉइंटची बोली आपोआप लागली असं समजायचं. दुसऱ्याचे पैसे संपावेत म्हणून आपल्याला नको असलेलं नाव पुकारणं ही चलाखी चालते, पण कोणीच बोललं नाही तर तो खेळाडू गळ्यात पडणार! "एक वार, दोन वार, तीन वार" म्हटल्यावर बोली परत घेता येणार नाही.

इथे यार्डाची एक गोष्ट आठवते. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, तरी विदर्भातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना त्याखालीच माल विकावा लागला. ज्यांची फी सोयाबीनवर निघते त्यांना हे समजावून सांगायला नको. नियम नुसता कागदावर असून भागत नाही, तो पाळायला लावणारा कोणीतरी लागतो.

4) पंच

म्हणून पंच हवा आणि तो स्वतः लीगमध्ये नको. बाजार समिती माल घेत नाही, व्यवहारावर देखरेख ठेवते, तसंच हे. फुटबॉल न पाहणारा, पण हिशोबाला पक्का असा मित्र उत्तम. त्याचा निर्णय शेवटचा.

5) गुण

स्वतः मोजत बसू नका, अधिकृत साइटवरचे गुण उतरवा. डिफेंडरने गोल केला तर 6, मिडफिल्डरने 5, फॉरवर्डने 4. गोलला मदत केली तर 3. गोल न खाल्ल्यास डिफेंडर आणि गोलकीपरला 4. यलो कार्डला वजा 1, रेडला वजा 3.

टीम सांगायची वेळ घड्याळाने ठरवू नका. "पहिल्या मॅचच्या दोन तास आधी" असं लिहा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे आपल्याकडे साडेसातला लागणारी मॅच साडेआठला लागते.

6) ऑक्शननंतर

उरलेले पॉइंट पुढे वापरता येतील. महिन्यातून एकदा बंद चिठ्ठीत बोली द्या. मोठी बोली जिंकेल, पण किंमत दुसऱ्या नंबरच्या बोलीची द्यायची. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये दाखवलं की अशा पद्धतीत प्रत्येकाने आपल्याला वाटते तीच खरी किंमत लिहिणं फायद्याचं असतं. 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दोन चिठ्ठ्या सारख्या निघाल्या तर टेबलात खाली असलेल्याला खेळाडू मिळेल.

जानेवारीत एखादा खेळाडू स्पेनला गेला तर मालकाला पूर्ण किंमत परत, कारण त्यात त्याची चूक नाही. स्वतः काढून टाकला तर शून्य.

अदलाबदल सगळ्यांसमोर जाहीर करायची. 24 तासांत बाकीच्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हरकत घेतली तर ती रद्द. रूम पार्टनरला आपला बेस्ट फॉरवर्ड फुकट देणं याने बंद होतं.

7) खरा पैसा नाही

हा नियम सगळ्यात आधी वाचून दाखवा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आणि फँटसीच्या मोठ्या अॅप्सनाही पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. पण आपलं कारण कायद्याच्या आधीचं आहे. शंभर रुपये एकाला काहीच नसतात आणि दुसऱ्याला ते मेसच्या बिलातून काढावे लागतात. पैसा आला की तो दुसरा मुलगा "मला फुटबॉल आवडत नाही" म्हणून बाजूला होतो आणि खरं कारण कोणाला कळत नाही.

शेवटच्या नंबरला शिक्षा हवीच, नाहीतर डिसेंबरमध्ये सबमिशन आली की खालचे लोक टीम लावणं सोडतात. शिक्षा अशी: पुढच्या वर्षी दर सोमवारी नोटीस बोर्डावर गुणांचा तक्ता त्यानेच लिहायचा.

यार्डात ज्याची थैली मोठी त्याचा ढीग. इथे फर्स्ट इयरच्या मुलाकडेही शंभर आणि फायनल इयरच्या सिनियरकडेही शंभरच. होस्टेलमध्ये अशा जागा फार नसतात. म्हणून नियमांचा कागद आधी लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मगच म्हणा, एक वार...